विंडोज १० नंतरचा संगणक : एका घरातील निवडीची हकीकत

विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे मायक्रोसॉफ्टने बरेच आधी जाहीर केले होते. आमच्या साताऱ्याच्या घरातील डेस्कटॉप २०१८ च्या दिवाळीत घेतलेला. त्यात इंटेल कंपनीचा सातव्या पिढीतील आय-थ्री ७१०० हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, होता, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. म्हणजे एका पिढीच्या फरकाने आमचे यंत्र अपात्र ठरले. ते बिघडलेले नव्हते. २०२१ मध्ये जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही जास्त वेगवान डिस्क बसवल्यापासून तर ते पहिल्यापेक्षाही चपळ झाले होते. तरीही ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यावर आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सगळे हिशेब आहेत, तो सुरक्षा अद्यतनांशिवाय इंटरनेटला जोडून ठेवणे मला मान्य नव्हते. आयुष्यभर पतसंस्थेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवलेले असल्यामुळे या बाबतीत माझा स्वभाव कडक आहे.

त्यानंतर घरात जी चर्चा, चौकशी आणि पायपीट झाली, तिची हकीकत इथे लिहिते आहे. संगणकाची जाण असलेली मंडळी असे धरून चालतात की, घरगुती ग्राहक किंमत आणि क्षमता यांचा ताळा घालून यंत्र निवडतो, आणि ज्याला तसे जमत नाही तो जाहिरातीला भुलतो. मी जे पाहिले आणि केले ते या दोन्हींत बसत नाही. घरातला माणूस आधी एक गोष्ट शोधत असतो : हे यंत्र अडले तर धावून कोण येईल? तो माणूस सापडला की यंत्र बहुतेक त्याच्या सल्ल्याने, त्याच्या ओळखीचे, त्याला दुरुस्त करता येईल असेच येते.

आमच्याच घराचा इतिहास त्याची साक्ष देतो. पहिला संगणक २००३ मध्ये आला, तो यजमानांच्या एमएस-सीआयटीमुळे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा (एमकेसीएल) संगणक-साक्षरतेचा हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला होता आणि शासकीय व जिल्हा परिषदेच्या नोकरीत असलेल्यांना ते प्रमाणपत्र मिळवणे भाग पडू लागले होते. सरावासाठी घरी यंत्र हवे होते. नामांकित कंपन्यांचे तयार संगणक तेव्हाही मिळत होते. पण आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा, अभियांत्रिकी पदविकेचा एक विद्यार्थी पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून संगणक जोडून देत असे. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबीची डिस्क आणि टेबलाची निम्मी जागा व्यापणारा १५ इंची काचेचा मॉनिटर असा तो संगणक आम्ही घेतला. त्यातला एकही आकडा आम्हाला कळत नव्हता. कळत होते ते एवढेच की, काही अडले तर जिन्यात उभे राहून हाक मारता येईल. आणि तशी हाक आम्ही वारंवार मारली. व्हायरस आला की तो मुलगा संध्याकाळी खाली येई, फॉरमॅट मारी, पुन्हा सगळे बसवून देई आणि चहा घेऊन जाई. पुढे नोकरीसाठी तो बंगळूरला गेला आणि वर्षाच्या आत तो संगणक कापड घालून झाकून ठेवण्याची वेळ आली. त्यात मोठा बिघाड नव्हता, फक्त तो उघडणारा कोणी उरला नव्हता. २०१० चा आणि २०१८ चा असे पुढचे दोन्ही संगणक आम्ही पोवई नाक्याच्या एका दुकानातून घेतले, कारण तो दुकानदार घरी येऊन दुरुस्ती करत असे.

या खेपेला मात्र मी ठरवले की, आधी आपली गरज कागदावर मांडायची आणि मग बाहेर पडायचे. संस्थेचे हिशेब, सभासदांना मराठीतून पत्रे व सूचना, वार्षिक सभेचे इतिवृत्त, बँक, वीजबिल, नातवंडांशी बोलणे, फोटो आणि यजमानांचे जुन्या गाण्यांचे वेड. ही यादी वाचताना लक्षात आले की, यातल्या कोणत्याही कामाला फार मोठ्या ताकदीचे यंत्र लागत नाही. पण यादीत एक ओळ अशी होती की, तिने पुढची निम्मी निवड ठरवून टाकली. ती म्हणजे मराठी टंकलेखन.

मी मराठी टंकलेखन यंत्रावर शिकले आणि ३० व ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा त्यावर दिल्या. माझी बोटे रेमिंग्टनच्या मांडणीला बांधलेली आहेत. संगणकावरील मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही प्रमाणित मांडणी आहे आणि ती आता सर्व प्रणालींत असतेच; रेमिंग्टनसाठी मात्र वेगळी सोय बसवावी लागते आणि ती मला विंडोजवर माहीत होती. याहून मोठा अडसर जुन्या फायलींचा होता. संस्थेची सुरुवातीच्या वर्षांतील इतिवृत्ते युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत रुळण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये आहेत. अशा फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की ठराव, अनुमोदक, सूचक या सगळ्यांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसतो. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय आणि मंगल हा फाँट आला हे खरे, पण कार्यालयांच्या सवयी त्यानंतरही कितीतरी वर्षे बदलल्या नाहीत. आमच्यासारख्या हजारो संस्था, पतसंस्था, शाळा, छापखाने आणि ग्रामपंचायती यांच्या संगणकांवर असा मजकूर साचलेला आहे. नवा संगणक घेताना ही माणसे ‘आहे तेच पुढे चालू ठेवा’ म्हणतात तेव्हा त्याला मागासलेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या कामाचे गाठोडे त्या प्रणालीत अडकलेले असते.

मग सल्ले सुरू झाले. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माझा पुतण्या म्हणाला, “काकू, एकदाच मॅक घ्या, पुढे दहा वर्षे बघायला नको.” नणंदेच्या जावयांनी ते स्वतः वापरतात त्या कंपनीचा लॅपटॉप सुचवला. पतसंस्थेतील माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचे मत होते की, आता सगळे मोबाइलवर होते, संगणक हवाच कशाला? संस्थेच्या हिशेबाचे दीडशे ओळींचे पत्रक मोबाइलवर तपासून पाहिलेल्या कोणालाही हे मत मान्य होणार नाही, पण अनेक घरांत संगणकाची जागा मोबाइलने घेतली आहे हेही खरेच. प्रत्येकाने आपण जे वापरतो तेच सुचवले, आणि मला त्यात आपुलकी दिसली. ज्याने जे सुचवले त्यात त्याला मदत करता आली असती. पुतण्याचा सल्ला मी नाकारला तो किमतीमुळे नव्हे, तर मॅक हा ॲपल कंपनीचा, स्वतःच्या वेगळ्या प्रणालीवर चालणारा संगणक आहे, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर व जुने फाँट या दोन्हींसाठी मला विंडोजच हवे होते म्हणून.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत होते : “आय-फाइव्ह घ्या, आय-थ्री नको.” का, असे विचारल्यावर कोणालाच सांगता आले नाही. हे मला फार विचार करण्यासारखे वाटले. आपण मिक्सर घेताना त्यातली मोटर कोणत्या कारखान्याची आहे हे विचारत नाही, मग संगणकाच्या पोटातील एका भागाचे नाव घरोघरी कसे पोहोचले? त्याचे उत्तर १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटेल इनसाइड’ या मोहिमेत आहे. जे संगणक-निर्माते आपल्या यंत्रावर आणि जाहिरातीत इंटेलचे चिन्ह लावत, त्यांच्या जाहिरातखर्चातील वाटा इंटेल उचलत असे. त्या चिन्हाने ग्राहकाला एक सोपा प्रश्न विचारायला शिकवले, आणि पुढे थ्री, फाइव्ह, सेव्हन या आकड्यांनी त्या प्रश्नाला चढत्या पायऱ्या दिल्या. तीन, पाच, सात यांत मोठे कोणते हे सांगायला संगणक कळावा लागत नाही.

अडचण अशी की, हा आकडा एकाच पिढीत तुलना करायला उपयोगी पडतो, पिढी बदलली की फसवतो. २०१६ मधील सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर दोनच गाभ्यांचा आहे (गाभा म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा भाग, इंग्रजीत कोअर). त्यानंतर वर्षभरात आलेला आय-फाइव्ह ८२५०यू चार गाभ्यांचा आहे, आणि २०२२ मधील आय-थ्री १२१५यू मध्ये सहा गाभे आहेत, त्यांपैकी दोन ताकदीचे आणि चार वीज वाचवणारे. पिढी कोणती ते त्या लांब क्रमांकाच्या सुरुवातीच्या एक-दोन आकड्यांत लिहिलेले असते, आणि शेवटचे अक्षर यू असेल तर तो कमी विजेवर चालणारा प्रोसेसर असतो. एवढे वाचायला शिकणे पाच मिनिटांचे काम आहे. पण खोक्यावर ‘आय-सेव्हन’ मोठ्या अक्षरांत असते आणि पुढचा क्रमांक बारीक असतो.

याचा प्रत्यय तपकीर गल्लीत आला. विनाथांबा गाडीने स्वारगेटला उतरून मी आणि यजमान तिथे गेलो ते मुख्यतः भाव समजून घ्यायला. एका दुकानात कंपन्यांनी वापरून काढलेले, स्वच्छ करून पुन्हा विकायला ठेवलेले लॅपटॉप होते. फलटण भागातून आलेले एक शेतकरी गृहस्थ मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला म्हणून तिच्यासह लॅपटॉप पाहत होते. त्यांच्यापुढे दोन पर्याय होते : जवळपास सारख्याच किमतीचा वापरलेला आय-सेव्हन आणि नवा कोरा आय-थ्री. त्यांचा कल आय-सेव्हनकडे होता, आणि त्यांचे कारण ऐकून मला भरून आले. ते म्हणाले, “पोरगी पहिल्यांदाच बाहेर राहणार आहे. वर्गात हिच्याकडंच हलकं का, असं व्हायला नको.” ते मुलीच्या मानासाठी यंत्र निवडत होते, आणि ते कारण माझ्या मते पूर्णपणे योग्य होते, फक्त त्या आकड्यातून तो मान मिळणार नव्हता. मी मुलीला बाजूला घेऊन मोबाइलवर दोन्ही क्रमांक शोधून पाहायला सांगितले. तो आय-सेव्हन सहाव्या पिढीचा निघाला, म्हणजे विंडोज ११ साठी आमच्या डेस्कटॉपइतकाच अपात्र. मुलीने ते वडिलांना स्वतः समजावून सांगितले. त्यांनी तिथे काहीच घेतले नाही आणि आधी महाविद्यालयात कोणते सॉफ्टवेअर लागेल ते विचारू असे म्हणून ते गेले. वापरलेले लॅपटॉप वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. कंपन्यांसाठी बनवलेले लॅपटॉप दणकट असतात आणि ज्यांचे अंदाजपत्रक लहान आहे त्यांना त्यांचा मोठा आधार आहे, पण तिथे पिढीचा आकडा पाहिल्याशिवाय हात लावू नये.

मोठ्या दालनांत वेगळेच दृश्य होते. दसरा-दिवाळीच्या सवलती चालू होत्या, आणि तिथे येणारी बरीच कुटुंबे महिन्याचा हप्ता किती बसतो इथून सुरुवात करत होती. हप्ता ठरला की त्या हप्त्यात बसणारी यंत्रे समोर येत आणि मग निवड रंग, वजन, पडद्याचा आकार आणि कळांखालचा उजेड यांवर होई. यावर नाक मुरडणाऱ्यांना मी सांगेन की, घरात रोज दिसणारी, हातात घ्यावी लागणारी वस्तू देखणी आणि हलकी हवी असे वाटणे यात काहीही गैर नाही. ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात त्यांवर माणूस विश्वासाने मत देऊ शकतो, आणि बाकीच्या गोष्टी त्याला कोणी नीट समजावूनच सांगत नाही. मी विक्रेत्यांना विचारले की, रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती, मदरबोर्ड या आतल्या मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली आहे की एखादा स्लॉट मोकळा आहे. बहुतेकांना आत जाऊन विचारून यावे लागले. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ८ जीबी रॅम आज पुरते, पण आणखी चार-पाच वर्षांनी ती पुरेल याची खात्री नाही, आणि स्लॉट नसेल तर संपूर्ण लॅपटॉप बदलण्यावाचून उपाय राहत नाही.

दरम्यान घरी मी आणखी एक मार्ग तपासला. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट प्रणाली चालवून पाहिली. तिची प्रत पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते, त्यामुळे जुन्या फायलींना धक्का लागत नाही. इंटरनेट, बँक, पत्रे, गाणी हे सगळे तिच्यावर सुरळीत चालले. इनस्क्रिप्ट मराठीही होते, आणि जुन्या फाँटच्या फायली त्यात टाकल्यावर इतिवृत्तेसुद्धा वाचता आली. ज्यांचे काम एवढ्यात भागते त्यांनी चांगले चालणारे यंत्र केवळ विंडोज ११ घेत नाही म्हणून भंगारात काढू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. शिवाय विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अद्यतने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येणार होती, म्हणजे घाईचे कारणही नव्हते. पण संस्थेच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हते. आणि ते चालले असते तरी उद्या प्रिंटर अडला तर साताऱ्यात मी कोणाला फोन करणार होते? माझ्या ओळखीत लिनक्स वापरणारे कोणीही नव्हते. ही प्रणाली फुकट आहे, सुरक्षित आहे, तरी ती घराघरांत का पोहोचत नाही, याचे उत्तर मला तिथे मिळाले. गल्लीत तिचा जाणकार नसतो, आणि वापरणारे नाहीत म्हणून जाणकार तयार होत नाही.

डेस्कटॉप की लॅपटॉप यावर घरात फार वाद झाला नाही. भारनियमनाच्या दिवसांची आठवण यजमानांना अजून आहे, आणि वीज गेली तरी काम चालू राहते हा लॅपटॉपचा गुण त्यांना सर्वांत मोठा वाटतो. मला मोठा पडदा आणि बोटांना ओळखीचा, ठसठशीत कळफलक हवा होता. म्हणून लॅपटॉप घ्यायचा आणि घरी असताना त्याला जुनाच मॉनिटर व जुनाच कळफलक जोडायचा, असे ठरले.

शेवटची निवड दोन लॅपटॉपमध्ये होती आणि दोन्ही जवळजवळ सारखे होते : तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. ज्यात रॅमचा एक स्लॉट मोकळा होता तो मी पक्का केला. मग त्या कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून आमचा पिनकोड सांगितला आणि विचारले की, हमीच्या काळात तंत्रज्ञ घरी येईल, की यंत्र पुण्याला पोहोचवावे लागेल? उत्तर घरी येण्याचे मिळाले. ते मी तारीख-वेळेसह लिहून ठेवले. हा फोन प्रत्येकाने खरेदीच्या आधी करावा, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मॉडेलांना वेगवेगळी हमी असते आणि लहान गावात तिचा अर्थ बदलतो.

ऑनलाइन किंमत पोवई नाक्याच्या दुकानापेक्षा सुमारे तीन हजारांनी कमी होती. पुतण्याने ती मला आवर्जून पाठवली. मी ती दुकानदारांना दाखवली आणि स्पष्टच विचारले, “दादा, या तीन हजारांत तुम्ही मला काय देता?” त्यांना राग आला नाही. जुन्या संगणकावरील सर्व माहिती नव्यात आणून देणे, प्रिंटर आणि रेमिंग्टन मराठी बसवून देणे आणि वर्षभर लागेल तेव्हा घरी येणे, असे त्यांनी सांगितले, आणि मी म्हटल्यावर ते बिलावर लिहूनही दिले. माझ्या दृष्टीने ते तीन हजार रुपये यंत्राचे नव्हतेच. पंधरा वर्षे जो माणूस बोलावल्यावर आला, तो पुढेही दुकान उघडून बसलेला राहावा यासाठी मी ते दिले, आणि ते देताना मला जराही वाईट वाटले नाही.

एक सूचना अनुभवाने आली ती सांगते. बऱ्याच लॅपटॉपबरोबर मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे सॉफ्टवेअर कायमचे मिळते, पण ते चालू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि ते त्या खात्याशी जोडले जाते. दुकानातील मुले घाईत असतात. ती स्वतःच एखादे खाते काढून काम उरकतात आणि ग्राहकाला त्याचा पासवर्ड कधीच कळत नाही. पुढे यंत्र फॉरमॅट करावे लागले की ते ऑफिस परत मिळवणे अवघड होते. मी माझ्याच खात्याने, माझ्याच हाताने ते चालू केले आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहिला. विंडोजची सुरुवातही तशीच केली.

माहिती हलवण्याचे काम दुकानदारांच्या मुलाने आमच्या दिवाणखान्यात बसून केले. जुन्या फाँटमधील इतिवृत्ते मी एकेक करून युनिकोडमध्ये रूपांतरित करते आहे. रूपांतरानंतर जोडाक्षरांत आणि रफारांत चुका राहतात, म्हणून प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते. हे पुरे झाले की संस्थेच्या पुढच्या सचिवांना प्रणाली निवडताना त्या फाँटचा विचार करावा लागणार नाही. तोवर जुना डेस्कटॉप इंटरनेटशिवाय ठेवला आहे.

इतक्यात आमच्याच इमारतीत दोन घरांनी नवे लॅपटॉप घेतले. दोन्ही कुटुंबांच्या गरजा आमच्याहून वेगळ्या आहेत. एका घरी मुलगा ध्वनिचित्रफितींचे संपादन शिकतो आणि त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र अधिक उपयोगी पडले असते, हे मी त्यांना सांगितलेही. त्यांनी ऐकून घेतले, आपसात बोलले, आणि तरीही माझ्याकडे आहे तेच मॉडेल त्याच दुकानातून आणले. मुलाची आई मला म्हणाली, “तुमच्याकडे तेच आहे म्हणजे काही अडलं तर खाली येऊन विचारता येईल ना, काकू.”